साखळीच्या टोकाचा कुत्रा

दमदिनला एकदा थर्मास घ्यायचा होता. त्याने आधी सात तंबूंत जाऊन सात थर्मासांतला चहा पिऊन पाहिला, कुठला सकाळपर्यंत कढत राहतो ते वहीत टिपलं, आठव्या तंबूत त्याला सातांबद्दलही शंका आली, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत दुकानातले थर्मास संपून तिथे छत्र्या आल्या होत्या. मग त्याने छत्री आणली. यांजमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती छत्री अजून पेटीत जपून ठेवली आहे. नवऱ्याला अधूनमधून दाखवायला. तामीर नदीच्या खोऱ्यात एरवी तिचा काही उपयोग नाही, कारण तिथला पाऊस छत्री उघडेपर्यंत पुढच्या दरीत गेलेला असतो.

अशा माणसाला आता कुत्रा आणायचा होता.

तोही साधासुधा नाही, बांखार. वासराएवढा, सिंहासारखी आयाळ असलेला, दोन डोळ्यांवर आणखी दोन तांबूस ठिपके असलेला. त्या ठिपक्यांमुळेच लोक त्याला चार डोळ्यांचा म्हणतात. खालचे दोन डोळे मिटून तो झोपतो आणि वरच्या दोन डोळ्यांनी मेंढ्यांवर लक्ष ठेवतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांचा स्वतःचा बांखार, म्हातारा बासार, तीन हिवाळ्यांपूर्वी, कळप घेऊन शरद ऋतूत जातात त्या मुक्कामी, वारला. दमदिनने त्याला रीतीप्रमाणे मुक्कामावरच्या टेकडीवर नेऊन ठेवलं आणि शेपटी कापून डोक्याखाली उशीसारखी दिली, पुढच्या जन्मी माणूस व्हावा म्हणून. "नको रे बाबा होऊस," यांजमा पुटपुटली होती, "आहेस तोच बरा आहेस."

तेव्हापासून दमदिन नवीन पिल्लाची चौकशी करत होता. तीन वर्षं. चामड्याच्या वेष्टनाची एक जाड वही भरत आली होती. कुठल्या कुत्र्याची आजी कोणाला चावली इथपर्यंत सगळं तिच्यात होतं. नव्हता तो फक्त कुत्रा. आणि लांडगे काही वही वाचून थांबत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अकरा मेंढ्या नेल्या आणि तांबड्या घोडीचं शिंगरू नेलं.

उन्हाळा सरता सरता यांजमाने शेवटचं सांगितलं.

"अहो, ऐका. नदी गोठायच्या आत दारात कुत्रा आला तर ठीक. नाहीतर मेंढ्या चोइजीलच्या कळपात घाला आणि मला लेकीकडे पोचवा, शहरात."

"चौथ्या मजल्यावर?"

"चौथ्या मजल्यावर. तिथे लांडगे जिना चढत नाहीत."

"अगं, पण कुत्रा म्हणजे काय थर्मास आहे? बारा वर्षांचा सोबती. नीट बघायला नको?"

यांजमा उठली आणि पेटीतून छत्री काढून त्याच्यासमोर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी दमदिनने घोड्यावर खोगीर चढवलं. नऊ दिवसांत परत येतो, आल्यावर शरदाच्या मुक्कामाला हलू, असं त्याने सांगितलं. निघताना यांजमा दाराजवळ बासारच्या जुन्या साखळीला चरबी चोळत बसली होती. कुत्रा नसताना साखळीला चरबी कशाला, हा प्रश्न त्याला पडला होता. पण तो वहीतला नव्हता, म्हणून त्याने विचारला नाही.

पहिला थांबा शेजारचा, चोइजीलचा. चोइजीलकडे ट्रक होता, तीन मुलगे होते, आणि नोयोन नावाचा कुत्रा होता. नोयोन म्हणजे सरदार. हा सरदार तंबूच्या दारात आडवा पडलेला असे आणि सगळं घर त्याला ओलांडून ये-जा करी. एकदा त्याच्या अंगावरून मेंढ्यांचा अख्खा कळप गेला होता, तेव्हा त्याने कूस बदलली होती.

"वंश चांगला आहे बरं का," चोइजील म्हणाला.

"लांडगा आला तर काय करतो?"

"सांगता येत नाही बुवा. हा जागा असताना लांडगा कधी आलाच नाही."

दमदिनने वहीत 'झोपाळू' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि घोडा डोंगराकडे वळवला.

पुढच्या पाच दिवसांत मात्र त्याला जे ऐकायला मिळालं त्याने त्याची झोप उडाली. खिंडीपलीकडच्या पहिल्या तंबूत त्याने तपकिरीची बाटली पुढे केली, यजमानाची हुंगली, हवापाणी आणि गवत यांची विचारपूस झाली, आणि मग त्याने सगळ्यात दांडगा बांखार कुठे आहे ते विचारलं.

"दांडगा?" यजमान म्हणाला. "दांडगे पुष्कळ आहेत. पण खरा कुत्रा एकच. भुंकत नाही."

"भुंकत नाही तर कुत्रा कसला?"

"तेच तर! जो भुंकतो त्याला अजून काहीतरी सिद्ध करायचं असतं. हा गप्प उभा राहतो. माझा मेहुणा त्याच्यापासून चार पावलांवरून गेला. नुसता श्वास ऐकला म्हणे. महिनाभर मेहुण्याला जेवण गेलं नाही."

दुसऱ्या तंबूत तो कुत्रा तीन वर्षांच्या खोंडाएवढा झाला होता. तिसऱ्यात लांडग्यांनी त्याच्या भीतीने आपली वाट बदलल्यामुळे पलीकडच्या दरीतल्या लोकांनी तक्रार केली होती. चौथ्या तंबूतल्या म्हातारीने तर आवाजच खाली आणला.

"कसा दिसतो म्हणून विचारू नकोस. कोणी पाहिलाच नाही त्याला. एक बाई आहे, तीच धरते. पाहुणा आला की एका हाताने साखळी धरून उभी राहते, आणि पाहुणा मान खाली घालून सरळ आत. वर बघायची छाती आहे कोणाची?"

"कोणाचा आहे हा कुत्रा? कुठे असतात ही माणसं?"

आता इथेच खरी गोम होती. त्या मुलखात वडीलधाऱ्यांचं नाव कोणी तोंडावर आणत नाही, आणि डोंगराचं तर त्याहून नाही. डोंगराला ऐकू येतं आणि तो रागावतो. म्हणून तिथे ज्याचा त्याचा डोंगर हा नुसता 'दयाळू' असतो. अमक्या दरीतला दयाळू, तमक्या नदीवरचा दयाळू. परक्याला रस्ता विचारायची वेळ आली तर दयाळूंच्या या गर्दीतून वाट काढता काढता घोडा म्हातारा व्हावा.

"असतात बाबा," म्हातारी म्हणाली, "एका दयाळूच्या पायथ्याशी. त्यापेक्षा जास्त दोल्गोरआजीला ठाऊक. चार डोळ्यांची हाल्तार कुत्री तिच्याकडे आहे ना, म्हणून आजी जगातल्या सगळ्या कुत्र्यांची खबर ठेवते."

दमदिनने 'न भुंकणारा' असं लिहिलं आणि त्याखाली चार रेघा मारल्या. आजवर त्याने तीनच्या वर रेघा कोणाला दिल्या नव्हत्या.

दोल्गोरआजी एकाहत्तर वर्षांची होती. पाइप ओढायची आणि मोटरसायकल स्वतः चालवायची. तिच्या तंबूबाहेर हाल्तार बसली होती. दमदिनने तिला पाहिलं आणि त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. काळीभोर, मानेवर एवढी आयाळ, डोळ्यांवर दोन ठिपके जणू कोणी बोटाने लोणी लावलंय. तिने दमदिनकडे एकदा पाहिलं, त्याची किंमत केली आणि नजर पुन्हा मेंढ्यांकडे नेली.

दमदिनने वही उघडली. टाळू काळी आहे का? दोल्गोरने कुत्रीचा जबडा उघडून दाखवला, आतून रात्रीसारखा काळा. हनुवटीखाली केस किती? आई कोण, आजी कोण? पाहुण्यांना त्रास? लहान पोरांशी कशी वागते? खाण्याची आबाळ झाली तर घर सोडून जाते का?

दोल्गोरने पाइप तोंडातून काढला. "तू कुत्री बघायला आलायस की सून?"

"आजी, मला हिच्या पोटचं एक पिल्लू हवंय. नदी गोठायच्या आत."

"पिल्लं नदी बघून जन्माला येत नाहीत. आणि हिचं लग्न व्हायचंय अजून. तीन वर्षं स्थळं बघतेय. एकही धड नाही. सगळे नुसते बोलघेवडे, रात्रभर भू-भू. शेवटी आता एक ठरवलंय." ती पुढे झुकली. "ऐकलंयस का, न भुंकणारा?"

"त्याच्याच मागावर आहे मी!"

"मग ऐक. गेल्याच आठवड्यात त्यांनी मुक्काम हलवला, मला टेकडीवर फोन लागला तेव्हा भाचीने सांगितलं. इथून दोन दिवसांची वाट, उतरणीला लाग, मग तिथला दयाळू उजव्या हाताला ठेवायचा. नदीच्या वळणावर एकच तंबू, हिरव्या दाराचा. बाई एकटी असते बिचारी."

"नवरा नाही?"

"आहे म्हणे. पण असून नसल्यासारखा. सदानकदा कुठेतरी भटकत असतो. एवढा भयंकर कुत्रा त्या माउलीने एकटीने सांभाळायचा, आणि तो मेला गावभर चहा पीत फिरतो."

दमदिनने मान हलवली. त्याला खरोखर वाईट वाटलं. "असतात आजी, अशी माणसं असतात," तो म्हणाला आणि चहाचा तिसरा वाडगा पुढे केला.

पिल्लू मिळालं नाही, पण निदान तो कुत्रा डोळ्यांनी बघावा, म्हणून दमदिन उतरणीला लागला. नवल घोड्याचं वाटत होतं. एवढे दिवस प्रत्येक ओढ्याला अडणारा घोडा आता न सांगता दुडक्या चालीने निघाला होता. दमदिन त्याला डोंगराच्या एका बाजूने नेऊ बघे, तर तो दुसऱ्याच बाजूने जवळची वाट काढी. "शहाणाच आहेस," दमदिन त्याच्यावर ओरडला. "जसा काही तुझा बापजाद्यांचा रस्ता!"

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवरून धुकं वर चढलं. आधी डोंगर गेला, मग नदी गेली, मग घोड्याचे कान गेले. तरी घोडा चालतच राहिला आणि एका जागी येऊन आपणहून थांबला. समोर हिरव्या दाराची पुसटशी खूण दिसत होती. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर येत होता. रीतीप्रमाणे तो लांबच उतरला, कमरेचा पट्टा नीट केला, आणि कोणत्याही भल्या माणसाने कोणत्याही घराजवळ गेल्यावर द्यायची ती हाक त्याने मोठ्याने दिली.

"कुत्रा धरा हो!"

"धरलाय!" धुक्यातून बाईचा आवाज आला. "या खुशाल!"

काय खणखणीत आवाज होता! असल्या बाईच्याच हाती तो कुत्रा टिकायचा, दमदिनच्या मनात आलं. मान खाली घालून, हात अंगालगत धरून तो चालू लागला. कानावर साखळीची करकर आली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. चार पावलं राहिली तेव्हा त्याला बाईचे बूट दिसले. डाव्या बुटाला टाचेजवळ ठिगळ होतं. ठिगळ वाकडं शिवलेलं होतं. ते वाकडं ठिगळ त्याने स्वतःच्या हाताने मागच्या वसंतात शिवलं होतं.

त्याने मान वर केली.

यांजमा दोन्ही पाय रोवून, मागे रेलून, दातओठ खाऊन साखळी धरून उभी होती. साखळीच्या टोकाला गवत होतं.

"अगं बाई, तुम्ही होय!" ती म्हणाली. "आपल्याच दारात कुत्रा धरा म्हणून ओरडता? काय म्हणावं तुम्हाला!"

"आणि तू काय धरलंयस?"

यांजमाने साखळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आत या. चहा निवतोय."

आत गेल्यावर सगळं बाहेर आलं. चोइजीलच्या मुलांचा ट्रक एक दिवस मोकळा होता, म्हणून तिने वाट न बघता मुक्काम हलवला. ते सोपं होतं. साखळीचं सांगताना मात्र ती चुलीतल्या गोवऱ्या उगाच वरखाली करत राहिली.

"बासार गेल्यावर पहिला पाहुणा आला. 'कुत्रा धरा' म्हणाला. मी सवयीने धावले, साखळी उचलली, मग लक्षात आलं. आता काय, कुत्रा नाही म्हणून ओरडून सांगू? इथे पोराच्या तोंडून सुद्धा कोणी असं ऐकलेलं नाही. त्यात लांडग्यांनी ऐकलं असतं. म्हटलं, धरलाय, या. तो मान खाली घालून आत गेला. मग दुसरा आला. मग जरा ओढ लागल्यासारखं करायला लागले."

"तीन वर्षं?"

"तुम्ही दिवसभर मेंढ्यांमागे नाहीतर वहीमागे. तुम्हाला काय कळणार?"

दमदिनने वही काढली आणि चार रेघांचं पान उघडलं. खोंडाएवढा, असं त्याने वाचलं. मेहुण्याचं जेवण. लांडग्यांची बदललेली वाट. यांजमा आधी बाहीशी चाळा करत राहिली, मग हसायला लागली, आणि 'नवरा असून नसल्यासारखा' या ओळीला तिला एवढा ठसका लागला की दमदिनला तिची पाठ थोपटावी लागली. तोही हसत होता. पण हसता हसता त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर धुक्याआड नदीच्या काठाकाठाने रोज सकाळी बर्फ धरायला लागला होता, काचेसारखा. दुपारपर्यंत तो विरघळायचा. अजून थोडे दिवस विरघळला असता.

"मग," तो म्हणाला, "चौथा मजला."

यांजमाचं हसू थांबलं. तिने चहात चिमूटभर मीठ घातलं, जे तिने आधीच घातलेलं होतं. तिलाही तो मजला नको होता, हे दमदिनला त्या खारट चहावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं आणि मोटरसायकलचा आवाज आला. गाडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात आयाळ वाऱ्यावर सोडून हाल्तार बसली होती.

"कुत्रा धरा!" दोल्गोरआजी लांबून ओरडली.

यांजमाने सवयीने साखळी उचलली. दमदिनने तिच्या हातावर हात ठेवला. मग, कोणालाही न विचारता, कुठेही न लिहिता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक निर्णय एका दमात घेतला. तो दारात जाऊन ओरडला, "कुत्रा नाहीये!"

दोल्गोरने दोन्ही पाय गाडीच्या सीटवर घेतले. "नाहीये म्हणजे? सुटलाय?"

"सुटला नाही हो आजी! नाहीच आहे!"

"अरे मग शोध ना त्याला, बांध! माझं वय आहे का धावायचं?"

तिला खाली उतरवायला अर्धा वाडगा घोडीचं दूध खर्च झालं. खाली उतरून तिने दमदिनला नीट पाहिलं आणि तिची भुवई वर गेली.

"तू? तूच तो वहीवाला! हे घर तुझं?"

"माझंच. पण आजी, खरं सांगतो, तो न भुंकणारा कुत्रा म्हणजे..."

"थांब, थांब." दोल्गोरच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर पसरत गेला. "म्हणजे सोयरीक जमायच्या आधी तू वेष पालटून माझ्या पोरीची चौकशी करायला आला होतास! आई कोण, आजी कोण, टाळू दाखवा! आणि मी म्हणते हा येडा कोण! वा रे मुलाकडचे!"

"आजी, मुलगाच नाहीये. नुसती साखळी आहे. ही बघा."

"हो हो. मुलाकडचे असंच म्हणतात. आमचा मुलगा अजून लहान आहे, अजून विचार नाही. भाव खायची रीत आहे, मला नको शिकवूस."

"अहो, देवाशपथ!"

"दमदिन, त्या कुत्र्याच्या तावडीतून वाचलेली चौदा माणसांशी मी स्वतः बोलून पाहिलंय. तू एकटा नाही म्हणतोस. कोणाचं ऐकू?"

तेवढ्यात हाल्तार डब्यातून उतरली. तिने तंबूला एक फेरी मारली, मेंढ्या हुंगल्या, यांजमाचे बूट हुंगले आणि मग साखळीजवळ आली. त्या साखळीला अकरा वर्षं बासारचा घाम, बासारची लाळ आणि बासारची थंडी लागलेली होती. हाल्तारने कडी हुंगली, पुन्हा हुंगली, शेपटी एकदा डावीकडे नेली, एकदा उजवीकडे, आणि कडीवर हनुवटी टेकून आडवी झाली.

"बघ," दोल्गोर हळूच म्हणाली. "पोरीला स्थळ पसंत आहे."

"साखळी पसंत आहे," दमदिन म्हणाला.

"सुरुवात तशीच होते." मग ती यांजमाकडे वळली, कारण पुरुषांशी बोलून काही निष्पन्न होत नाही हे तिला ठाऊक होतं. "विहीणबाई, तू सांग. तो आहे कुठे?"

यांजमाने टेकडीकडे पाहिलं. तिथे वर, दगडांमध्ये, शेपटीची उशी घेऊन तो तीन वर्षं झोपला होता.

"टेकडीवर असतो," ती म्हणाली.

दोल्गोरने त्या दिशेला वाकून मान दिला. चहा झाला, वाळलेल्या दह्याच्या वड्या झाल्या, गाडीवर बसायची वेळ झाली, तर हाल्तार उठेना. हाक मारली, ओढली, मांस दाखवलं. कडीवरची हनुवटी हलेना. "राहू दे," दोल्गोर डोळे पुसत म्हणाली. पाइपचा धूर गेला असेल. "बाळंत होईपर्यंत सासरीच राहू दे. पिल्लांतलं एक तुमचं. नव्या वर्षाला येईन."

तिसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या आपल्या शरदाच्या मुक्कामावरून चोइजील आला. आमचा नोयोन इकडे आला होता का, असं तो विचारत होता. रात्रभर घरी नव्हता, सकाळी बघतो तर दारात पोटापर्यंत ओला, अंगावर बर्फाचे खडे, आणि असा झोपलाय की हलवला तरी उठत नाही. पाच वर्षांत एकटा कुठे गेला नव्हता. दमदिन आणि यांजमा दोघांनीही हाल्तारकडे पाहिलं. हाल्तार मेंढ्यांकडे बघत होती.

"नसेल आला," यांजमा म्हणाली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तामीर गोठली. यांजमाने पेटी उघडली, शहरासाठी वेगळे काढलेले कपडे परत घडी करून तळाशी घातले आणि वर छत्री ठेवली. त्या हिवाळ्यात लांडगे दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा हाल्तारचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं, तरी तिने त्यांना नदीच्या बर्फावरून असं पिटाळलं की त्यातला एक घसरत थेट पलीकडच्या जिल्ह्यात गेला म्हणतात, आणि तिथून त्याला परत यायची वाट सापडली नाही. मेंढी एकही गेली नाही.

थंडीच्या भरात पिल्लं झाली. पाच. पाचही चार डोळ्यांची. चोइजील बघायला आला आणि त्यातल्या एका गुबगुबीत पिल्लापाशी बराच वेळ उकिडवा बसला. बाकीची चार आईच्या अंगावर चढत होती. हे पाय वर करून घोरत होतं.

"हे कसं झोपतंय बघा," तो म्हणाला. "अगदी आमच्या..."

"चहा घ्या," यांजमा म्हणाली.

नव्या वर्षाला दोल्गोर आली. तंबूत बुझांची वाफ कोंदली होती, मांस भरलेल्या त्या गरमागरम मोदकांची ताटंच्या ताटं रिकामी होत होती. चोइजीलही होता. पिल्लू निवडायची वेळ आली. दमदिनने हात धुतले आणि वही उघडली. टाळू सगळ्यात काळी होती पहिल्याची. हनुवटीचे केस जास्त दुसऱ्याचे. मानगूट धरून उचलल्यावर कुईकुई न करणारं तिसरं. पाचही पिल्लं बर्फावर ठेवली, तर आईने आधी उचलून आणलं चौथं. दमदिन घामाघूम झाला.

"आणि पाचवं?" दोल्गोरने विचारलं.

पाचवं सापडत नव्हतं. शेवटी यांजमा बाहेर गेली. सगळ्या गोंधळात ते बर्फावरून सरपटत दाराजवळ गेलं होतं आणि साखळीच्या कडीवर हनुवटी टेकून गाढ झोपलं होतं. तिने ते उचललं आणि आत आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "हे," ती म्हणाली. "वही मिटा."

दोल्गोरने पिल्लू निरखलं. "जन्मल्यापासून भुंकलंय?"

"एकदाही नाही."

"बापावर गेलंय," ती समाधानाने म्हणाली.

चोइजीलच्या घशात बुझ अडकला. त्याला पाणी दिलं.

दमदिनने वाडगाभर दूध दोन्ही हातांनी धरून हाल्तारसमोर ठेवलं. तिचं लेकरू घेत होता, तिची परवानगी घ्यायला हवी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ, आणि दूध प्यायली. मग नाव. नाव पिल्लाच्या कानात तीनदा सांगायचं असतं. "दोन दिवस द्या मला," दमदिन म्हणाला, "चार ठिकाणी विचारून..." तोवर यांजमा पिल्लाच्या कानाशी वाकली होती. तिचे ओठ तीनदा हलले. काय सांगितलं ते दमदिनला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून त्याला ओळखीचं वाटलं, आणि त्याने टेकडीकडे बघून नाक शिंकरलं.

हाल्तार चार पिल्लांसह दोल्गोरच्या गाडीतून गेली. उडालेला बर्फ खाली बसतो न बसतो तोच लांबून कोणीतरी घोडा थांबवला.

"कुत्रा धरा हो!"

यांजमा बाहेर आली. तिने साखळी उचलली, दोन्ही पाय रोवले आणि मागे रेलली. साखळी जड लागली. टोकाला मुठीएवढं डोकं बर्फावर टाकून ते घोरत होतं.

"धरलाय!" ती ओरडली. "या खुशाल!"

पाहुणा मान खाली घालून, श्वास रोखून, भरभर आत गेला. दमदिन दारात उभा राहून बघत होता. पिल्लाचे खालचे दोन डोळे घट्ट मिटलेले होते. वरचे दोन मात्र मेंढ्यांकडे लागले होते.